जाहिरातीतला डोंगर आणि माकणीची पाणंद

सायकलच्या पोस्टरवर दिसतो तसला डोंगर माकणीच्या शिवारात कुठेच नाही. तेरणा नदी, तिच्यावरचा निम्न तेरणा प्रकल्प, काळी जमीन, मध्येच मुरमाड माळ, उसाच्या कडेने गेलेल्या पाणंदी आणि लोहारा, सास्तूर, उमरग्याकडे जाणारे रस्ते, एवढ्यातच इथल्या सायकलीला पळायचे असते. तरीही मुलाला गिअरची सायकल घ्यायला बाप लातूरला किंवा सोलापूरला गेला, की दुकानाच्या भिंतीवर कड्यावरून हवेत झेपावलेला स्वार दिसतो आणि खाली ओळीने उभ्या असलेल्या सायकलींच्या नळ्यांवर ‘एक्स्ट्रीम’, ‘डाउनहिल’, ‘माउंटन’ अशी रंगीत अक्षरे. मुलाची नजर शॉकअपवर असते, बापाची किमतीच्या चिठ्ठीवर. पाहायच्या गोष्टी मात्र त्या दोन्हींच्या पलीकडे असतात: ज्या वाटेवर ती सायकल रोज चालणार ती वाट, आणि ती चालवणाऱ्याचे अंग.

गंमत अशी, की ज्या सायकलीच्या नावावर आज एवढी जाहिरातबाजी चालते, तिचा जन्म भंगारातून झाला. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुण १९३०-४०च्या काळातल्या श्विन कंपनीच्या जड, जाड टायरच्या जुन्या सायकली चार पैशांत उचलायचे, मडगार्ड आणि शोभेचा पत्रा काढून टाकायचे आणि माउंट टॅमलपाइसच्या परिसरातल्या मातीच्या उतारावरून खाली सोडायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे ‘रीपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. उतार जेमतेम सव्वातीन-साडेतीन किलोमीटरचा, पण इतका तीव्र की मागच्या हबमधला ब्रेक तापून त्यातले ग्रीस जळून जायचे आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागायचे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली, टॉम रिची ही नावे पुढे मोठी झाली, पण सुरुवातीला त्यांच्या सायकलींना मोटारसायकलचे ब्रेक-लिव्हर, दुसऱ्याच कुठल्या सायकलीचे गिअर आणि तिसरीचे क्रँक जोडलेले असत. आपल्या उताराला काय टिकते हे त्यांनी चालवून, मोडून, पुन्हा जोडून ठरवले होते.

बाजार नंतर आला. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टंपजंपर’ ही कारखान्यातून मोठ्या संख्येने निघणारी सायकल आणली, १९८२मध्ये जपानच्या शिमानोने खास या सायकलींसाठी ‘देओरे एक्सटी’ हा सुट्या भागांचा संच काढला, १९८९च्या सुमाराला रॉकशॉक्सचा पुढचा शॉकअप आला आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदकही मिळू लागले. आपल्याकडे १९९०च्या दशकात जाड टायर आणि सरळ हँडलची ‘हर्क्युलस एमटीबी’ आणि ‘हिरो रेंजर’ गावोगावी पोचली. ‘रेंजर’ तर इतकी रुळली की कुठल्याही कंपनीच्या तसल्या सायकलीला लोक रेंजरच म्हणू लागले. त्या सायकली डोंगरासाठी नव्हत्याच, पण खड्ड्यांना पुरून उरत होत्या, म्हणून चालल्या. पुढे २००५मध्ये फायरफॉक्स सुरू झाली, २००९मध्ये डिकॅथलॉन आली, २०१५मध्ये हिरोने फायरफॉक्स विकत घेतली, आणि मग शहरातल्या शोरूमच्या भिंतीवर तो झेपावणारा स्वार कायमचा राहायला आला.

जाहिरातीत सरसकट खोटे नसते. तिथे खऱ्या गोष्टी अशा मांडलेल्या असतात की माणसाने स्वतःच चुकीचा अर्थ काढावा. गिअरचेच बघावे. ‘२१ गिअर’ म्हणजे पुढे तीन चकत्या, मागे सात. पुढे ४२, ३४, २४ दात्यांच्या चकत्या आणि मागे १४, १६, १८, २०, २२, २४, २८ अशा चकत्या धरल्या, तर पुढची ४२ आणि मागची २८ मिळून पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दीड वेळा फिरते. पुढची २४ आणि मागची १६ घेतली तरी बरोबर दीडच वेळा. ३४ आणि २२ची जोडी १.५५च्या आसपास. म्हणजे तीन वेगवेगळे गिअर मोजले, पायाला एकच मिळाला. अशा जुळ्या-तिळ्या जोड्या वजा केल्या आणि चेन फार तिरकी होते म्हणून टाळायच्या जोड्याही वगळल्या, तर हाती दहा-बाराच गिअर उरतात. तेही कमी नव्हेत. फक्त २१चा आकडा पाहून १८ गिअरवाली चांगली सायकल मागे सारू नये. विचारायचा प्रश्न एकच: सगळ्यात हलका गिअर किती हलका? पुढे २४ आणि मागे २८ असेल, तर पाठीवर दप्तर घेऊनही मुरमाचा चढ बसून चढता येतो. पुढे ४२ची एकच चकती आणि मागे सर्वांत मोठी २८ची, असे असेल तर उतरून ढकलत न्यावी लागेल, मग नळीवर काहीही लिहिलेले असो.

शॉकअपच्या बाबतीत तर डोळ्यांनी फसायला होते. चांगल्या शॉकअपमध्ये दोन कामे असतात, दाबला जाणे आणि परत येताना वेग आवरणे. स्वस्त सायकलीत पहिल्या कामाला एक लोखंडी स्प्रिंग असते आणि दुसऱ्या कामाला काहीच नसते. खड्ड्यात चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) दबतो आणि तेवढ्याच जोराने उसळी मारतो, हातातले हँडल उडते. वर असला चिमटा दोन-अडीच किलोंचा, साध्या लोखंडी चिमट्याच्या दुपटीहून जड. मागेही स्प्रिंग असलेली सायकल आठ-दहा हजारांत मिळत असेल तर ती घेऊच नये, इतके स्पष्ट सांगायला हरकत नाही. पायडल मारताना बराच जोर ती स्प्रिंग दाबण्यात जातो, सांध्यातले बुश वर्षभरात घासून खुळखुळू लागतात आणि त्या मापाचे बुश तालुक्याच्या गावी मिळत नाहीत. त्याच पैशांत साध्या चिमट्याची, चांगल्या रिमची आणि जाड टायरची सायकल येते आणि पाणंदीत तीच पुढे जाते.

तिसरी युक्ती जरा हुशारीची आहे. शिमानोच्या संचांना पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर टुर्नी, मग आल्टस, एसेरा, अलिव्हिओ, त्यावर देओरे, एसएलएक्स, एक्सटी आणि शेवटी एक्सटीआर. (२०२३पासून मधल्या काही पायऱ्यांच्या जागी ‘क्यूज’ आला आहे.) गिऱ्हाईक सगळ्यात आधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बघते हे कंपन्यांना ठाऊक असते, म्हणून तिथे एक पायरी वरचा भाग बसवतात आणि हब, बीबी (क्रँकच्या मधला बेअरिंगचा भाग), चेन, ब्रेक, जिथे रोजचा मार बसतो, तिथे बिननावाचे भाग घालतात. दुकानात डिरेलरवरचे नाव वाचण्याआधी मागचे चाक हाताने फिरवावे आणि क्रँक धरून आडवा हलवून पाहावा. नव्या सायकलीतही हबमध्ये खळखळ असेल तर छर्रे आणि कोन कसल्या दर्जाचे आहेत ते तिथेच कळते.

या सगळ्या रंगीत अक्षरांहून उपयोगी असा एक मजकूर बारीक अक्षरात असतो आणि तो फार थोडे लोक वाचतात. एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेच्या ‘एफ २०४३’ या वर्गवारीत सायकली वापराप्रमाणे वेगवेगळ्या प्रकारांत विभागल्या आहेत. पहिला प्रकार फक्त डांबरी-काँक्रीट रस्त्याचा. दुसऱ्यात कच्चे रस्ते, खडी आणि साधारण १५ सेंटिमीटरपर्यंतचा आपटा. तिसऱ्यात खडबडीत वाटा आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या. चौथ्यात १२२ सेंटिमीटरपर्यंत. पाचवा प्रकार पोस्टरवरच्या त्या स्वाराचा. नामांकित कंपन्या हा प्रकार सायकलीवरच्या चिकटपट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत देतात. डोंगरी दिसणाऱ्या कितीतरी सायकली तिथे दुसऱ्या प्रकारातच निघतात. माकणीसाठी त्यात वाईट काहीच नाही, पाणंद आणि मुरमाचा रस्ता दुसऱ्या प्रकारातच बसतो. पण तीच सायकल घेऊन मुलगा कालव्याच्या भरावावरून उडी मारणार असेल, तर चिमट्याचा सांधा तुटल्यावर कंपनी पुस्तिकेतल्या त्याच ओळीवर बोट ठेवेल.

आता चालवणाऱ्याकडे. चांगली सायकल घेतली की चालवणे आपोआप सुधारते, हा समज बाजाराने फार जपला आहे. दोन सायकलस्वार एकाच पाणंदीतून जातात, एकाची चाके मऊ चालतात आणि दुसऱ्याची आपटत जातात, याचे कारण बहुतेक वेळा स्वाराच्या गुडघ्यांत असते. माणसाच्या कोपरांत आणि गुडघ्यांत जेवढा शॉकअप आहे तेवढा कुठल्याही चिमट्यात नाही, मात्र तो वापरायला सीटवरून उठावे लागते. उतारावर दोन्ही पायडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपरे किंचित वाकलेली, वजन पायांवर आणि हात हँडलवर नुसते ठेवल्यासारखे. नजर पुढच्या चाकावर नव्हे, दहा-पंधरा पावले पुढे. दगड बघत बसले की चाक दगडावरच जाते, हे कोणाही जुन्या सायकलस्वाराला विचारावे.

ब्रेकबद्दल गावात एक भीती पक्की बसलेली असते: पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो. त्यामुळे कित्येक जण आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर चालवतात. खरे तर ब्रेक लागताच अंगाचे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करू शकतो. तो एकदम आवळला आणि अंग पुढे झुकले की माणूस उलटतो. सुट्या मुरमावर पुढचे चाक लॉक झाले तर ते सरळ घसरते, हेही खरे. उपाय सरावाचा. शाळेच्या मैदानावर किंवा रिकाम्या खळ्यावर चुन्याची रेघ मारावी, हलक्या वेगाने येऊन तिच्यावर थांबावे, आधी नुसत्या मागच्या ब्रेकने, मग दोन्हींनी, दर वेळी अंग जरा मागे सरकवत. काही संध्याकाळी हे केल्यावर मुलाला स्वतःच कळते की थांबायचे अंतर किती कमी झाले. वळणावर ब्रेक वळणाआधी, वळणात नाही, एवढे त्यात जोडले की पुरे.

मापाचा भाग अनेक घरांत उलटा चालतो. ‘वाढत्या अंगाचा आहे, जरा मोठीच घेऊ’ म्हणून शाळकरी मुलाला अशी सायकल दिली जाते की दोन्ही पाय जमिनीवर टेकवले तर वरची नळी लागते. पाणंदीत अचानक थांबावे लागले तर इजा नेमकी तिथेच. सायकलीवर दोन्ही पाय टेकवून उभे राहिल्यावर वरची नळी आणि जांघ यांत दोन-तीन इंच तरी मोकळे हवेत. सीटच्या उंचीसाठी टाच पायडलवर ठेवून पाय खाली न्यावा, तो जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात योग्य तेवढाच वाक राहतो. वाढीची सोय सीटच्या नळीत असते, ती दर सहा महिन्यांनी थोडी वर घ्यावी, मात्र नळीवरची किमान आत राहण्याची खूण बाहेर येऊ देऊ नये.

एवढा अंदाज आला की बहुतेकांच्या लक्षात येते की नव्या पंचवीस-तीस हजारांच्या सायकलीची गरज नाही. इथेच जुन्या सायकली आणि जुने सुटे भाग कामाला येतात, आणि सध्याचा काळ त्याला अनुकूल आहे. २०२०च्या टाळेबंदीत शहरांत सायकली घेण्याची लाट आली. त्यातल्या कितीतरी सायकली पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडून आहेत. दुसरे कारण चाकांच्या मापाचे. २०१०नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या कंपन्या २६ इंची चाक सोडून साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचांकडे वळल्या. शहरातला हौशी सायकलस्वार २६ इंची सायकल ‘जुन्या पद्धतीची’ म्हणून स्वस्तात काढतो. माकणीच्या माणसाने ती डोळे झाकून नाही, पण आनंदाने घ्यावी. २६ इंची जाड टायर आणि ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळते, एकोणतीस इंची टायरसाठी मात्र शहर गाठावे लागते.

पण ‘२६ इंची’ या शब्दावर विसंबू नये. टायरच्या कडेवर दोन संख्यांचे एक माप असते, त्यातला तीन आकडी भाग रिमचा खरा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. माउंटन बाइकचे २६ इंची टायर ५५९चे. साध्या बारीक चाकाच्या ‘२६ गुणिले १ ३/८’ सायकलीचे टायर ५९०चे. दोघांवरही २६ लिहिलेले, दोघे एकमेकांना कधीच बसत नाहीत. साडेसत्तावीस इंच म्हणजे ५८४, एकोणतीस म्हणजे ६२२, आणि आजोबांच्या दांडीवाल्या २८ इंची सायकलीचे ६३५. म्हणजे २८ इंचीची रिम २९ इंचीपेक्षा मोठी. दुकानदाराला इंच न सांगता हा तीन आकडी क्रमांकच सांगावा, चुकीचे टायर घेऊन परत येण्याची फेरी वाचते.

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार असो, मोबाइलवरची खरेदी-विक्री असो की लातूरच्या मेकॅनिककडची माळ्यावरची पेटी, भाग निवडताना धोक्याप्रमाणे दोन ढीग करावेत. जो भाग तुटला तर सायकल फक्त थांबेल, तो जुना चालतो. जो तुटला तर माणूस पडेल, तो जुना घेताना दहादा विचार करावा. डिरेलर, शिफ्टर, फ्रीव्हील, सीट, मडगार्ड, कॅरिअर पहिल्या ढिगात. हँडल, स्टेम, चिमटा, क्रँक, ब्रेकच्या तारा दुसऱ्या. अ‍ॅल्युमिनियमचे हँडल वाकून पुन्हा सरळ केलेले असेल तर ते कितीही चांगल्या कंपनीचे असो, फुकट मिळाले तरी भंगारात टाकावे. लोखंड वाकून सूचना देते, अ‍ॅल्युमिनियम सूचना न देता तुटते.

फ्रेम पाहायला वेळ द्यावा. आधी चुंबक लावावे: चिकटले तर लोखंडी, नाही तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम. लोखंडी फ्रेमचा सांधा उकलला तर गावातला चांगला वेल्डर तो जोडू शकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते, वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळची ती ताकद जाते, म्हणून ‘वेल्डिंग करून घेतली आहे, आता पक्की आहे’ असे विक्रेता म्हणाला की तिथून निघावे. मग सायकल उलटी करून, ओल्या फडक्याने धूळ पुसून, हँडलच्या नळीला खालची तिरकी नळी जिथे मिळते तिथल्या खालच्या बाजूला बघावे. समोरून धडकलेल्या सायकलीचा रंग तिथे सुरकुततो किंवा केसाएवढी रेघ दिसते. तीच तपासणी बीबीभोवती आणि सीटच्या नळीच्या तोंडाशी. सीटची नळी वर-खाली सरकते का तेही पाहावे, वर्षानुवर्षे न हलवलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी लोखंडी फ्रेममध्ये अशी धरते की करवतीशिवाय निघत नाही. फ्रेम वाकडी आहे का हे पाहायला सुतळी पुरते. मागच्या चाकाच्या एका खोबणीत सुतळी बांधावी, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खोबणीत ताणून बांधावी आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर पट्टीने मोजावे. दोन्ही सारखे असले तर फ्रेम सरळ. कार्बनची जुनी फ्रेम गावात तपासता येत नाही, तेव्हा तो विषयच नको.

चेनसाठी इंचांची पट्टी न्यावी. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवले तर पुढची चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश पुढे गेली असेल तर त्या चेनने फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले असे धरून चालावे, तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागावी. नुसती नवी चेन झिजलेल्या दात्यांवर घातली तर चढावर जोर लावताच सटकते आणि गुडघा हँडलवर आपटतो.

चाक फिरवून ब्रेकच्या रबराजवळून आऊट (चाकाचा डावी-उजवीकडचा झोल) बघावा. दोन-तीन मिलिमीटरचा आऊट स्पोक आवळून निघतो, रिमला खड्डा पडून बसलेला बाक निघत नाही. रबराच्या ब्रेकची रिम असेल तर तिच्या कडेवरून नख फिरवावे, कड आत खोलगट लागली तर रिम संपत आली आहे. सात गिअरच्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये मागचा एक्सल बराच भाग आधाराशिवाय राहतो आणि जड माणसाखाली वाकतो, म्हणून चाक काढून एक्सल बोटांनी फिरवावा, टोक डुगडुगते का ते दिसते. एक्सल नवा घालणे मोठा खर्च नाही, पण सौदा करताना तो मुद्दा हातात असावा.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते न जुळणाऱ्या भागांवर. शिमानोचे माउंटन बाइकचे सहा ते नऊ गिअरचे मागचे डिरेलर एकमेकांच्या जागी चालतात, म्हणून सात गिअरच्या सायकलीला जुना पण सुस्थितीतला नऊ गिअरचा देओरे डिरेलर बसवला तर तो निमूट काम करतो. हा फार चांगला सौदा असतो. दहा गिअरपासून पुढे तार ओढण्याचे प्रमाण बदलले, तो डिरेलर जुन्या शिफ्टरला नीट जुळत नाही. श्रॅम कंपनीच्या माउंटन बाइकच्या भागांचे प्रमाण वेगळेच, त्यांचा शिफ्टर घ्यायचा तर डिरेलरही त्यांचाच. डिरेलर ज्या छोट्या कानाला लटकतो तो हँगर वेगवेगळ्या फ्रेमचा निराळा असू शकतो. जुनी सायकल घेताना तसा दुसरा हँगर मिळतो का ते आधी पाहावे, नाहीतर एका साध्या पडण्याने सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहील. शिफ्टर अडकत असेल म्हणून कोणी मातीमोल विकत असेल तर जरूर घ्यावा. पुष्कळदा आतले ग्रीस सुकून चिकट झालेले असते, पातळ तेलाचा फवारा मारून कळ सारखी दाबत राहिले की तो पुन्हा टकटक वाजू लागतो.

क्रँकचे चौकोनी भोक गोलावले असेल, पायडलच्या भोकातले आटे झिजले असतील, तर घेऊ नये. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरून जोर लावणाऱ्यांनीच कितीतरी चांगले क्रँक मारले आहेत. तेलावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक जुने घ्यायचे तर लिव्हर मिनिटभर दाबून धरावा, तो हळूहळू हँडलकडे जात राहिला तर सील गेले. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल चालते, श्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट द्रव. एकाचे दुसऱ्यात घातले की सील फुगून ब्रेक कायमचा जातो, आणि मोटारसायकलच्या गॅरेजात हीच चूक सहज होते. माकणीच्या वापराला तारेचे डिस्क किंवा चांगले व्ही-ब्रेक पुरेसे आहेत, त्यांची तार आणि रबर कुठेही मिळते.

इथल्या जमिनीचे म्हणून दोन शत्रू आहेत, ते कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतात. पहिला काटा: बाभूळ, वेडी बाभूळ आणि जमिनीलगतचा सराटा. जाहिरातीतले हलके, पातळ टायर इथे आठवडाभरात चाळण होतात. जाड कडेचे, जड टायर घ्यावेत, जुन्या ट्यूबची पट्टी कापून टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये घालण्याची गावची युक्ती अजूनही स्वस्त आणि उत्तम. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असावा, म्हणजे कुठल्याही पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरने हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर अडॅप्टर जवळ ठेवावा. दुसरा शत्रू काळी माती. पहिल्या पावसानंतर ती टायरला थरावर थर चिकटते, चिमटा आणि टायर यांत बोटभर जागा नसेल तर चाक फिरतच नाही. म्हणून फ्रेममध्ये मावेल तितके जाड टायर घालण्याचा मोह आवरावा, थोडी फट राखावी. पावसाळ्यात मडगार्ड काढलेला बरा. माती ओली असताना काडीने काढावी, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने हब आणि बीबीत पाणी घुसते, मग छर्रे गंजतात आणि ओव्हरहॉलिंगचा खर्च येतो.

सौदा ठरला की कागद करावा. बीबीच्या खाली फ्रेमवर ठोकलेला क्रमांक, तारीख, रक्कम, विक्रेत्याची सही आणि ओळखपत्राची प्रत. पंचवीस हजारांची म्हणून ओळखली जाणारी सायकल कोणी चार हजारांत देत असेल आणि बिल विचारल्यावर गडबडत असेल, तर ती चोरीची असण्याची शक्यता धरावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. घरगुती विक्रेत्याविरुद्ध ग्राहक कायद्याचा फारसा आधार मिळत नाही. दुकानातून नवी घेतली आणि सांगितलेला भाग बसवलेला निघाला नाही, तर मात्र बिल जपून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. सप्टेंबर २०२५पासून सायकली आणि त्यांच्या भागांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. जुन्या सायकलीचा विक्रेता आधीच्या करासह नव्या सायकलीची किंमत सांगून भाव चढवत असेल, तर आजच्या नव्या किमतीची चिठ्ठी मोबाइलवर काढून त्याच्यासमोर धरावी.

जुनी सायकल घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यासाठी वेगळे पैसे बाजूला काढलेले असावेत: ब्रेकची रबरे किंवा पॅड, चारही तारा, गरज पडली तर टायर, आणि हब-बीबी उघडून नवे ग्रीस. सौद्यात वाचलेल्या पैशांतून हेल्मेट नवेच घ्यावे. जुने हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसले तरी त्याच्या आतला फेस एकाच आपटीत दबून निकामी झालेला असू शकतो, आणि ती आपटी बाहेरून दिसत नाही. हेल्मेट घालून, पट्टा न लावता मान खाली घालून डोके हलवावे. ते जागचे हलले नाही तर माप बरोबर आहे, पट्टा आणि हनुवटी यांत दोन बोटे मावतील एवढी सैल जागा ठेवावी.